तेच ब्लेंड, तेच २५ अंश, आणि दोन दिवसांत दोन आकडे. चुकतंय कुठे?

कळवेकर

नमस्कार मंडळी. राहते कळव्याला, नोकरी महापेला. केमिकल इंजिनिअरिंग करून तीन वर्षं झाली. ऑफिस छोटं आहे, लोकांच्या टाक्या आणि पाइपलाइनी कागदावर मांडून देणं हा आमचा धंदा. सध्या एक काम आलंय: जेट्टीपासून टाकीपर्यंत साधारण ४ किलोमीटरची १६ इंची लाइन, आणि तिच्यातून दोन क्रूडचं, म्हणजे कच्च्या तेलांचं, ब्लेंड (मिश्रण) जाणार. एक क्रूड हलकं पण मेणचट, दुसरं जड आणि डांबराच्या सख्ख्या भावासारखं. माझ्या वाट्याला आलेलं काम एवढंच की २५, ४० आणि ५० अंशांना, १ बारपासून ६० बारपर्यंतच्या दाबाला या ब्लेंडची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहताना तेल किती अडतं ते, किती याचा तक्ता करायचा. सर म्हणाले, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आज अकरावा दिवस.

पहिली फजिती आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी नंतर हसायला नको. ५० अंशांना हलकं तेल १० सेंटीस्टोक (व्हिस्कॉसिटीचं एकक), जड तेल ५००. दोन्ही निम्मं-निम्मं. मी सरळ सरासरी काढली, २५५. सर म्हणाले, "हा बटाट्याच्या भावाचा हिशेब झाला." मग मिश्रणाची व्हिस्कॉसिटी काढायची रेफुटासची पद्धत लावली. तेलाच्या सेंटीस्टोकमध्ये ०.८ मिळवायचे, नैसर्गिक लॉग लागोपाठ दोनदा घ्यायचा, १४.५३४ ने गुणायचं, १०.९७५ मिळवायचे. १० सेंटीस्टोकचा निर्देशांक आला २३.५८ आणि ५०० चा ३७.५३. दोन्हींचा मध्य ३०.५५, तो उलटा सोडवला की ४६ सेंटीस्टोक. रबाळ्याला ओळखीच्या लॅबमध्ये जाऊन स्वतः मोजलं तर ४८! त्या संध्याकाळी घणसोलीला गाडीची वाट बघताना मी एकटीच हसत होते.

मग ७० अंशांना मोजलं, २२ आलं. दोन बिंदू हातात आल्यावर वॉल्थरची रेघ मारली, म्हणजे व्हिस्कॉसिटी अधिक ०.७ चा दुहेरी लॉग एका बाजूला आणि केल्विनमधल्या तापमानाचा लॉग दुसऱ्या बाजूला. रेघ खाली २५ अंशांपर्यंत वाढवली, उत्तर १८२ सेंटीस्टोक. छान.

आता गंमत बघा. २५ अंशांना यू-ट्यूबमधून, म्हणजे व्हिस्कॉसिटी मोजायच्या यू आकाराच्या काचेच्या नळीतून, तेल धड उतरेना, म्हणून तिथला फिरत्या दांडीचा व्हिस्कोमीटर घेतला. शुक्रवारी दुपारी रीडिंग आलं २९०. खात्री करावी म्हणून सोमवारी सकाळी पुन्हा लावलं, तर ६४०. तीच बाटली, तीच दांडी, बाथ २५ वर. तिथल्या ताईंनी बाथचा थर्मामीटर दुसऱ्याशी ताडून बघितला, तो बरोबर आहे. सरांना कुठला आकडा देऊ? १८२, २९० की ६४०?

दुसरा प्रश्न दाबाचा. पंपाचा डिस्चार्ज, म्हणजे तेल बाहेर ढकलतानाचा दाब, ६० बारपर्यंत जाऊ शकतो असं क्लायंट म्हणतोय. बारसचं सूत्र माहीत आहे, दाब वाढला की व्हिस्कॉसिटी घातांकाने वाढते. पण त्यातला गुणांक या ब्लेंडसाठी आणायचा कुठून? हाय प्रेशरचा व्हिस्कोमीटर आमच्या पंचक्रोशीत कुणाकडे आहे का?

ग्रीसवाला

तुर्भ्याहून नमस्कार. मी वंगणातला माणूस, क्रूड माझा प्रांत नाही, त्यामुळे माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या.

पहिलं म्हणजे ताई, तुम्ही सेंटीस्टोक आणि सेंटीपॉइज शेजारी-शेजारी ठेवून तुलना करताय. यू-ट्यूबमध्ये तेल स्वतःच्या वजनाने उतरतं, म्हणून ती सेंटीस्टोक देते. फिरती दांडी तेल किती अडवतं ते मोजते, ती सेंटीपॉइज देते. मध्ये घनता येते. तुमच्या ब्लेंडची घनता ०.९ च्या आसपास असेल तर १८२ सेंटीस्टोक म्हणजे साधारण १६५ सेंटीपॉइज. म्हणजे तुमची तफावत वाटते त्यापेक्षा जास्तच आहे. सॉरी.

दुसरं, रेफुटासमध्ये निम्मं-निम्मं म्हणजे वजनाने निम्मं. तुम्ही लिटरने मोजलं असणार, बरोबर?

बारसच्या गुणांकाबद्दल. खनिज तेलांना तो साधारण दर गिगापास्कलला १० ते ३० च्या मध्ये असतो, पातळ तेलाला कमी, जड आणि नॅफ्थेनिक तेलाला जास्त. ६० बार म्हणजे ६ मेगापास्कल. १५ धरलात तर वाढ ९ टक्के, २० धरलात तर पावणेतेरा. बेअरिंगमध्ये, जिथे दाब हजारो बारचा असतो, तिथे हाच गुणांक तेलाला जवळजवळ घट्ट करून टाकतो. आमची भाकरी त्याच्यावर चालते. तुमच्या पाइपात तो ओठही ओले करत नाही.

कळवेकर

लिटरनेच मोजलं होतं. 🙈 घनता ०.८५ आणि ०.९५. वजनाने बघितलं तर हलकं ४७.२ टक्केच पडतं, आणि मग उत्तर ४६ ऐवजी ५१ येतं. म्हणजे ४८ च्या दोन्ही बाजूंना. आधी जुळलं ते चुकीच्या कारणाने जुळलं होतं तर.

स्मार्ट_प्रोसेस

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सिम्युलेटरमध्ये दोन्ही क्रूडचे अॅसे (गुणधर्मांचे तपासणी अहवाल) टाका, ब्लेंड करा, तापमान-दाबाचा तक्ता दोन मिनिटांत बाहेर. लॅबमध्ये हात काळे करायचे दिवस गेले.

टाकीवाला

वरच्या दोन मिनिटांच्या तक्त्यावर शेवटी बोलतो.

कळवेकर, मी नेरुळचा. टाकी, लाइन आणि पंप यांच्यात ३४ वर्षं काढून आता पामबीच रोडला सकाळचा फेरा मारतो. तुला आधी तीन प्रश्न विचारतो, उत्तरं तुला माहीत आहेत, फक्त तू लिहिली नाहीस.

शुक्रवार ते सोमवार बाटली कुठे होती?
मोजायच्या आधी ती किती तापवलीस आणि कशी?
दोन्ही दिवशी दांडी मिनिटाला किती फेऱ्यांवर फिरत होती?

कळवेकर

काका, बाटली लॅबच्या रॅकवर होती, एसीखाली. शनिवार-रविवार एसी सुरूच असतो, बाकीच्या उपकरणांसाठी. शुक्रवारी बाटली आमच्या ड्रायव्हरच्या डिकीतून दुपारी आली होती, हाताला कोमट लागत होती, मी हलवून थेट ओतली. सोमवारी तळाला घट्ट वाटली म्हणून काचेच्या कांडीने ढवळली. तापवली नाही. २५ लाच मोजायचं आहे तर तापवायचं कशाला, असं वाटलं.

फेऱ्या: शुक्रवारी ६०. सोमवारी ६० ला रीडिंग स्केलच्या बाहेर गेलं, म्हणून १२ वर आणलं.

हे लिहिता लिहिताच पोटात गोळा आलाय.

टाकीवाला

गोळा येऊ दे, चांगलं लक्षण आहे. आता नीट वाच.

तुझ्या घरी लोणी कढवतात का? कढवलेलं तूप सावकाश, ओट्यावर निवू दिलं की रवाळ होतं. तेच गरम तूप फ्रिजमध्ये ढकललं की गुळगुळीत थिजतं, कण नाही की काही नाही. तूप तेच, सकाळचं तापमान तेच, पण चमचा घातलास तर हाताला वेगळं लागतं. आणि रवाळ तूप चमच्याने चार वेळा फिरवलंस की सैल पडतं. मेणचट क्रूडचं अगदी हेच आहे. तू तापमान २५ ठेवलंस, पण ते तेल २५ ला कुठल्या वाटेने आलं ते दोन्ही दिवशी वेगळं होतं. एकदा डिकीच्या उबेतून खाली उतरलं, एकदा दोन दिवस एसीत थिजून, तळाशी बसून, मग कांडीने मोडून वर आलं. वर तू एकदा भरभर फिरवलंस आणि एकदा हळू. मेणाची जाळी भरभर फिरवली की मोडते, आकडा खाली येतो. हळू फिरवली की जाळी टिकते, आकडा वर. २९० आणि ६४० दोन्ही खरे आहेत, फक्त ते एकाच प्रश्नाचं उत्तर नाहीत.

वॉल्थरची रेघ का चुकली तेही यातच आलं. ती रेघ साध्या द्रवाची आहे. वरून खाली येताना मेणाचा पहिला कण ज्या तापमानाला दिसतो तिथपर्यंत ती इमानदार असते. त्याच्या खाली तेल नुसतं घट्ट होत नसतं, त्यात नवं काहीतरी तयार होत असतं. तू ५० आणि ७० च्या जोरावर २५ चं भविष्य सांगितलंस. मध्ये मोड कुठे आहे ते बघितलंच नाहीस. ४५, ४०, ३५, ३० ला मोज आणि रेघेशेजारी मांड. जिथे बिंदू रेघ सोडून वर जायला लागतील तिथे तुझं मेण सुरू होतंय.

आपल्याकडचंच उदाहरण घे. मुंबई हाय १९७४ साली सापडलं, ते तेलही मेणचटच, त्याचा पोर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली तेल वाहायचं थांबतं ते तापमान, ३० अंशांच्या आसपास. तेल हलकं, तापलेलं असताना पाण्यासारखं पळतं, आणि तरीही आपल्या साध्या हवेत ते थिजू शकतं. हलकं म्हणजे पातळ, हा पहिला गैरसमज. राजस्थानात बाडमेरचं मंगला तेल तर त्याहून हट्टी, ४० च्या वरच बसकण मारतं. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत आणायला सहाशेहून जास्त किलोमीटरची लाइन सबंध गरम ठेवतात, वर उष्णतारोधक आवरण आणि आत तापवणारी केबल. कशासाठी? ते तेल काही कोलतार नाही. पण एकदा मेण धरलं की सूत्रं खिशात ठेवायची वेळ येते.

आता मोजायचं कसं. बाटली बंद झाकणानिशी गरम पाण्याच्या बाथमध्ये ठेव, वर थोडी रिकामी जागा असू दे. ७५-८० अंशांना तासभर, म्हणजे जुनी सगळी आठवण पुसली जाते. हॉट प्लेटवर अजिबात नाही. झाकण उघडं ठेवून तर नाहीच, हलका भाग उडून जाईल आणि उरलेलं तेल उगाचच जाड दिसेल, शिवाय लॅबमध्ये ती वाफ कुणाला हवीय. किंचित निवू दे, मग हलव, मग उघड. नमुना भांड्यात घे आणि ठरवलेल्या चालीने २५ पर्यंत उतरव. दर तासाला किती अंश ते लिहून ठेव. मग ६०, ३०, १२ फेऱ्या, तिन्हींची रीडिंग घे. आकडा द्यायचा तो फेऱ्यांसकट द्यायचा.

बाथचा थर्मामीटर ताडलात ते बरं केलंत. एएसटीएम डी ४४५ या व्हिस्कॉसिटी मोजायच्या प्रमाण पद्धतीत १५ ते १०० अंशांच्या पट्ट्यात बाथ ०.०२ अंशाच्या आत धरायला सांगितलाय. लोकांना ती सोवळ्यातली अट वाटते. तुझ्या ब्लेंडची व्हिस्कॉसिटी ४० ते ५० च्या मध्ये दर अंशाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास बदलतेय. अर्धा अंश चुकला की अडीच टक्के गेले.

आणि आता दाब. ग्रीसवाले बरोबर सांगतायत. ६० बारने समज दहा-बारा टक्के वाढ. दर अंशाला पावणेपाच टक्के, म्हणजे ६० बारचा सगळा रुबाब तेल दोन-अडीच अंशांनी निवण्याएवढा. त्यातही एक मजा आहे, जी मला नोकरीच्या विसाव्या वर्षी कळली. हा ६० बार दाब पाइपात घर्षणात जिरतो, आणि जिरतो म्हणजे उष्णता होतो. दाब भागिले घनता गुणिले विशिष्ट उष्मा: ६० लाख पास्कल भागिले ९०० गुणिले २०००, म्हणजे ३.३ अंश. बाहेरच्या मातीने ती उष्णता खाल्ली नाही तर दाबाने जे जाड केलं ते त्याच दाबाने पातळ केलं. हाय प्रेशर व्हिस्कोमीटर शोधत फिरू नकोस. शिवाय पंप अडतो तो सक्शनला, म्हणजे तेल आत ओढतो त्या बाजूला, आणि सक्शनला ६० बार कुठून येणार? तिथे एक बार, आणि जानेवारीतली पहाट.

यावरून आठवलं, २५ हे किमान तापमान कुणी ठरवलं? महापेला पारसिकच्या डोंगराकडेला डिसेंबर-जानेवारीत पहाटे उभी राहून बघ. २० च्या खाली जातं. उघड्यावरची लाइन रात्रभर बंद असेल तर तेलही तिथेच जातं.

स्मार्ट_प्रोसेस, राग मानू नका. सिम्युलेटर चांगलाच आहे, मीही वापरलाय. पण त्याच्या पोटात ब्लेंडिंगची हीच सूत्रं आहेत, आणि बाटली एसीखाली राहिली होती हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

स्मार्ट_प्रोसेस

ठीक आहे काका, पॉइंट मान्य. पण मग पाइपलाइनच्या हिशेबात कुठली व्हिस्कॉसिटी घालायची? फेऱ्या बदलल्या की आकडा बदलणार असेल तर प्रेशर ड्रॉप काढायचा कसा?

टाकीवाला

पाइपात तेल ज्या वेगाने घासलं जाणार आहे, त्याच्या जवळच्या फेऱ्यांची. वेग भागिले व्यास गुणिले ८ केलंत की भिंतीशी घासण्याचा दर अंदाजाने मिळतो. दांडीचा तसाच दर काढायचा आणि जुळवायचा. प्रवाह संथ, म्हणजे लॅमिनार असेल तर व्हिस्कॉसिटी दुप्पट झाली की प्रेशर ड्रॉप दुप्पट. खळाळता असेल तर दुप्पट व्हिस्कॉसिटीने ड्रॉप जेमतेम १८-२० टक्के वाढतो. म्हणून आधी प्रवाह संथ की खळाळता ते सांगणारा रेनॉल्ड्स नंबर काढा, मग दशांश चिन्हापुढच्या आकड्यांची काळजी करा. हाच रेनॉल्ड्स १८८६ मध्ये ऑलिव्ह तेल तापवून व्हिस्कॉसिटी कशी घसरते ते मोजत बसला होता.

चालत्या लाइनचं हे झालं. बंद पडलेली लाइन पुन्हा सुरू करणं हे वेगळंच प्रकरण. थिजलेल्या तेलाची जाळी मोडायलाच आधी जोर लागतो. लागणारा दाब म्हणजे चार गुणिले यील्ड स्ट्रेस (ज्या ताणाला जाळी तुटते तो) गुणिले लांबी भागिले व्यास. तुझ्या ४ किलोमीटर आणि ०.४ मीटरला, स्ट्रेस २० पास्कल धरला, तर ८ बार. तेल एक इंचही पुढे सरकण्याआधी ८ बार. क्लायंटला हा आकडा माहीत आहे का विचार.

सोडावॉटर

मी विहिरीच्या बाजूचा माणूस, पनवेलला असतो. काका लाइनपुरतं बोलतायत ते शंभर टक्के बरोबर, पण इथे येणाऱ्या नव्या मुलांनी "दाब वाढला की व्हिस्कॉसिटी वाढते" एवढंच घेऊन जाऊ नये म्हणून लिहितोय.

जमिनीखालच्या तेलात वायू विरघळलेला असतो. तिथे दाब कमी असतो तेव्हा तेलात वायू कमी, दाब वाढवत नेला की वायू आणखी विरघळतो आणि तेल पातळ होत जातं. एका ठरावीक दाबाला, बबल पॉइंटला, सगळा वायू आत गेलेला असतो आणि व्हिस्कॉसिटी तळ गाठते. त्याच्या पुढे दाब वाढवला तर विरघळायला वायूच उरलेला नसतो, मग तेल दबतं आणि व्हिस्कॉसिटी हळूहळू वर चढते, तुमचा बारस तिथून पुढचा. आलेख काढला तर उतार आणि मग मंद चढ.

गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी खाली दाबली की वायू फसफसून बाहेर येतो. विहिरीतून वर येताना तेलाचं तेच होतं, फक्त वायू गेल्यावर मागे राहतं ते पाण्यासारखं नाही, आधीपेक्षा जाड तेल असतं. म्हणून टाकीतल्या मेलेल्या, म्हणजे वायू निघून गेलेल्या, तेलावर मोजलेला आकडा घेऊन विहिरीचं गणित करू नये, आणि उलटही करू नये. कळवेकर ताई, तुमचं तेल जहाजातून आलेलं, वायू कधीच निघून गेलेला. तुम्हाला काकांचंच लागू.

अर्धा_केमिस्ट

एक खडा टाकतो. ब्लेंड करताना कशात काय ओतलं? जड तेलात अॅस्फाल्टीन (डांबरातला जड भाग) असेल आणि हलकं तेल पॅराफिनी, म्हणजे मेणाच्या जातीचं, असेल, तर अॅस्फाल्टीन खाली पडू शकतं. मग जे मोजताय त्यात मेण किती, गाळ किती, कळणार नाही. जडात हलकं थोडं थोडं, ढवळत ओतायचं. हलक्यात जड ओतलं की सुरुवातीला सगळीकडे हलकंच हलकं असतं, आणि अॅस्फाल्टीनला धरून ठेवणारं कुणी नसतं. शेवटचं मिश्रण चांगलं असलं तरी वाटेत गाळ पडून गेलेला असतो, आणि तो पुन्हा विरघळायला फार वेळ घेतो.

तपासायला सोपं: गरम ब्लेंडचा एक थेंब फिल्टर पेपरवर, सुकू द्या. एकसारखा तपकिरी डाग आला तर ठीक. मध्ये गडद काळी टिकली आणि भोवती फिकट कडं आलं तर गडबड.

आणि पाणी बघितलंत का? क्रूडमध्ये पाण्याचे बारीक थेंब घोटले गेले असतील तरी तेल जाड वाटतं.

कळवेकर

सगळ्यांना एकदम उत्तर देते, चार दिवस लॅबमध्येच होते.

अर्धा_केमिस्ट, मी हलक्यात जड ओतलं होतं. 🙈🙈 कारण हलक्याचा जार आधी हाताशी होता, एवढंच. पेपरवर थेंब टाकला, मध्ये टिकली नाही पण डागाची कड एकसारखीही नाही, ताई म्हणाल्या संशयाचा फायदा. तरी ते ब्लेंड बाजूला ठेवलं आणि नवं केलं, जड गरम करून त्यात हलकं, या वेळी वजन काट्यावर. नव्याचा डाग स्वच्छ. पाणी दोन्ही क्रूडमध्ये नगण्य, क्लायंटच्या कागदावर होतं, मीच वाचलं नव्हतं.

मग काकांच्या सांगण्याप्रमाणे बंद बाटली, ८० अंश, एक तास. लॅबमधल्या ताईंनी बाथभोवती जुना टॉवेल गुंडाळून दिला, कारण एसीचा झोत थेट तिथेच येतो. तासाला १० अंश या चालीने खाली आणलं. सगळं सेंटीपॉइजमध्ये:

५० ला ६० फेऱ्यांवर ४३, ३० फेऱ्यांवर ४४. म्हणजे फेऱ्यांचा काही फरक नाही.
४० ला ७१. रेघ सांगत होती ७०.
३५ ला १०८. रेघ म्हणते ९१.
२५ ला, ६० फेऱ्यांवर ३३५ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून करून ३४१. १२ फेऱ्यांवर ५२० आणि ५०८.

काका, ३३५ आणि ३४१ दिसले तेव्हा मी ताईंना मिठी मारली. त्यांच्या एप्रनला क्रूड होतं, माझा कुर्ता गेला. मोड ४० आणि ३५ च्या मध्ये कुठेतरी आहे. आता ४०, ३९, ३८ असं एकेक अंश उतरून बघणार आहे.

सरांना दाखवलं. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तक्त्यात दाबाचे चार रकाने आहेत, त्यात तू सगळीकडे जवळजवळ एकच आकडा लिहिलायस." म्हटलं हो सर, आणि २५ च्या ओळीला मला चार रकाने हवेत, फेऱ्यांचे. त्यांनी क्लायंटला फोन लावला. सुरू करताना लागणाऱ्या ८ बारबद्दल तिकडून कुणालाच काही सांगता आलं नाही, बुधवारी मीटिंग ठेवलीय. यील्ड स्ट्रेस मी २० धरलाय तो काकांच्या उदाहरणातला, खरा मोजायचा राहिलाय.

एक शंका आहे. थांबलेली लाइन रात्री तासाला किती अंशांनी निवते ते मोजायला पाइपाला थर्मामीटर कुठे लावायचा? वरून की खालून?

टाकीवाला

खालून. तळाकडचा भाग आधी निवतो, मेणही तिथे आधी धरतं. पाइपाच्या अंगावर रंग असेल तर तेवढा टिकलीएवढा खरवडून घे, सेन्सर धातूला टेकला पाहिजे. वरून पट्टी गुंडाळ आणि त्यावर थर्माकोलचा तुकडा, नाहीतर तू तेलाचं नाही, महापेच्या वाऱ्याचं तापमान लिहून आणशील. पहाटे ४ ते ७ मधली रीडिंग चुकवू नकोस. ठाण्याहून पहिली गाडी पकडून हे जमायचं नाही, आदल्या रात्रीच जा, आणि सोबत कुणाला तरी घे.

कळवेकर

बाबा येतो म्हणालेत. डबा आणि शाल दोन्ही घेतेय.